दिवेलागणीनंतरचं विरजण

मोशेला देवाने दहा आज्ञा दिल्या. अकरावी बहुधा थेट आमच्या मम्मीला मिळाली: कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये. साखर आली त्या वाटीतून लाडू गेले पाहिजेत, लाडू आले त्या डब्यातून चिवडा. या अकराव्या आज्ञेपायी आमच्या मिशन कंपाउंडचा नाताळ असा काही उजळला, की लोक अजून त्याची गोष्ट रंगवून सांगतात. माझी नोकरी त्यात जाता जाता राहिली.

मी सुवार्ता उजागरे. पुण्याजवळच्या एका कंपनीत जंतू पाळते. कुणी शेळ्या पाळतं, कुणी कबुतरं. मी दह्यातले जंतू पाळते आणि त्यांना नव्या खोडी शिकवते. त्या वर्षी मी त्यांना चमकायला शिकवलं होतं.

समुद्रात काही जंतू असतात, ते निळसर हिरवा प्रकाश देतात. त्यांच्याकडे त्यासाठी मोजकी जनुकं असतात. ती उचलून मी दह्याच्या जंतूंत बसवली. हेतू साधा होता. बाजारातल्या डब्यातलं दही जिवंत आहे की नुसतंच आंबट पांढरं काहीतरी आहे, हे गिऱ्हाइकाला घरच्या घरी कळावं. अंधारात ढवळायचं, उजळलं तर खायचं. ढवळायचं अशासाठी, की या प्रकाशाला प्राणवायू लागतो. लागलेलं दही भांड्यात स्वस्थ बसलेलं असतं, आत हवा नसते, तोवर ते चार दह्यांसारखंच दिसतं. रवी फिरली, हवा आत गेली, की पेटलं.

आणि या जंतूंची खरी गंमत म्हणजे, एकटादुकटा कधीच उजळत नाही. प्रत्येक जण एक रसायन थोडं थोडं बाहेर सोडतो आणि शेजाऱ्यांनी सोडलेलं हुंगत राहतो. ते पुरेसं साठलं, म्हणजे आपली मंडळी जमली अशी खात्री पटली, की मग सगळे मिळून दिवा लावतात. चर्चमध्ये गीत उचलायला एकटं कुणी धजत नाही आणि चार जणांनी सुरू केलं की सगळ्यांना कंठ फुटतो, त्यातलाच प्रकार.

आता ही जनुकं बसवायची कुणात? कंपनीने विलायतेहून आणलेल्या एकेका जातीवर मी डोकं फोडलं. एकही धड टिकेना. शेवटी वैतागून घरच्या दह्याचा डबा नेला आणि त्यातल्या जंतूंनी पहिल्याच फटक्यात काम फत्ते केलं. ते विरजण आमच्या आज्जीचं. लग्न होऊन जालन्याहून येताना तिने एसटीत मांडीवर वाटी धरून आणलेलं. त्याचं दही घट्ट, जिभेला जरा चिकटून राहणारं. आज्जी गेली, पण विरजण रोज नव्या दुधात जगत राहिलं. दूध आता ड्रोनने येतं आणि एसटीला ड्रायव्हर उरलेला नाही, तरी आमच्या ओट्यावरची ती वाटी तशीच आहे.

आज्जीला मुलं दोन. थोरली एस्तेर, म्हणजे माझी आत्या, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. धाकटा शांतवन, म्हणजे पप्पा. दोघांची घरं पाठीला पाठ लावून, मध्ये कमरेएवढी भिंत. आणि माझ्या साखरपुड्यापासून दोघांत बोलणं नाही. कंपाउंडमध्ये कुठलंही कार्य असो, मटण पप्पाच करणार. त्याचा त्यांना केवढा अभिमान. साखरपुड्याला आत्याने पहिला घास घेतला आणि माझ्या सासरच्या मंडळींसमोर, मुख्याध्यापिकेच्या आवाजात विचारलं, "शांतवन, याला रस्सा म्हणतात की आंघोळीचं पाणी?"

पप्पा म्हणाले, आजपासून तुझ्या उंबऱ्याला माझा पाय लागायचा नाही. आत्या म्हणाली, तुझ्या घरचा कण माझ्या तोंडात जायचा नाही. दोघंही उजागरे. शब्द पाळायची आमच्या घराला फार वाईट खोड आहे.

आणि या नाताळनंतर आत्या कायमची ॲडलेडला चालली होती, जॉएलकडे, तिच्या मुलाकडे. तो न्यायलाच आला होता. पंचाहत्तरी उलटलेली बाई एवढ्या लांब गेली म्हणजे गेली. पुन्हा भेट स्वर्गातच, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगत सुटली होती. मला एवढंच हवं होतं, की जाण्याआधी हे दोघे एकदा एका ताटाशी बसावेत. पप्पांजवळ विषय काढला की ते बागेला पाणी घालायला उठायचे. त्या आठवड्यात आमची जास्वंद बुडायची बाकी होती.

म्हणून मी चमत्काराची मदत घ्यायचं ठरवलं. चोवीस तारखेच्या संध्याकाळी चर्चमध्ये मुलांचं नाटक असतं; ते पप्पा बसवतात. त्यात देवदूत येतो तेव्हा सगळे दिवे बंद होतात आणि गव्हाणीवर तारा उजळतो. मी काचेचा पोकळ तारा करून घेतला. त्यात माझ्या चमकत्या दह्याचं ताक भरायचं आणि माशांच्या टाकीचा छोटा पंप लावून खालून हवा सोडायची. बटण नाही, वायर नाही, आज्जीच्या विरजणाचा जिवंत तारा. तो उजळला की मी उठून सांगणार होते, हा उजेड कुणाचा आहे ते. दोघांच्याही आईचं नाव निघाल्यावर दोघांची मनं विरघळतील, असा माझा हिशोब. पप्पांना फक्त तारा दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, एवढं शिकून शेवटी ताकच घुसळणार होतीस तर मम्मीने घरीच शिकवलं असतं.

दह्याची छोटी बाटली मी फ्रीजमध्ये अगदी मागे ठेवली. आता मागे म्हणते आहे, पण मराठी बाईच्या फ्रीजमध्ये मागे असं काही नसतं. चोवीसच्या दुपारी नाटकाच्या तालमीनंतर चर्चच्या सगळ्या मंडळीला मठ्ठा द्यायचं मम्मीने अंगावर घेतलं होतं आणि आदल्या दिवशी, ऐन वेळी, तिचं विरजण आंबून गेलं होतं. तिने फ्रीजलाच विचारलं. आमचा फ्रीज बोलतो आणि नको तितकं बोलतो. त्याने बाटली हुंगून निर्वाळा दिला: दही, ताजे, उत्तम प्रतीचे. मम्मीने ते अख्खं मोठ्या पातेल्यातल्या कोमट दुधाला लावलं. मग अकरावी आज्ञा आठवली. लेकीची बाटली रिकामी कशी ठेवायची? तिने डेअरीचं पिशवीतलं दही आणून बाटली काठोकाठ भरून ठेवली.

त्याच संध्याकाळी शेजारच्या शमुवेलमामांची बायको वाटी घेऊन विरजण मागायला आली. मम्मीने तिला परत पाठवलं. दिवेलागणीनंतर विरजण द्यायचं नाही, हा आज्जीचा नियम. बायबलमध्ये असलं काही नाही हे चर्चच्या पाळकसाहेबांनी दोनतीनदा समजावून सांगितलंय, पण आज्जीपुढे त्यांचंही चालत नसे. सकाळी ये, असं मम्मी म्हणाली. सकाळी ती आली आणि तिच्या मागोमाग आणखी कितीतरी जणी आल्या. नाताळच्या मटणाला दही प्रत्येकीला हवंच होतं. पातेल्यातलं दही वाटीवाटीने घरोघर गेलं. यातलं मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मी चर्चमध्ये पंप लावत होते.

दुपारी मठ्ठा वाटला गेला. लख्ख उन्हात तो चमकला असेल तरी दिसणार कुणाला? सगळ्यांनी दोन दोन ग्लास घेतले. आत्याने मात्र घशाचं कारण सांगून पर्समधली पाण्याची बाटली काढली. पप्पांनी ते बघितलं आणि मान फिरवली.

संध्याकाळी चर्च भरलं. पहिल्या बाकावर आत्या, नवी कोरी नारायणपेठ नेसून, शेजारी जॉएल. मेंढपाळ आपापली काठी एकमेकांच्या डोळ्यांत घालत येऊन उभे राहिले, देवदूत खुर्चीवर चढला, आणि पप्पांच्या इशाऱ्यासरशी दिवे गेले. मी पंप सुरू केला. ताऱ्यात बुडबुडे वर चढताना ऐकू येत होते.

तारा उजळला नाही.

मी पंप वाढवला. तारा ढिम्म. तो डेअरीच्या पिशवीतला तारा होता, हे मला कुठून कळावं? अंधारात पप्पांचं कुजबुजणं ऐकू आलं, की काय उजेड पाडलाय पोरीने. मला रडू फुटायच्या बेतात होतं. वेळ मारून न्यायला पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि तोंड उघडलं.

त्यांच्या तोंडातून निळा उजेड बाहेर पडला.

त्यांना स्वतःला तो दिसला नाही. ते भक्तिभावाने बोलत राहिले आणि शब्दाशब्दाला त्यांची जीभ निळी हिरवी झळकत राहिली. कुणीतरी "अरे देवा" म्हटलं, तर तेही तोंड झळकलं. मग कोपऱ्यातून एक मेंढपाळ हसला, त्याची जीभ. त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या मरियेची जीभ. घाबरून म्हणा, सवयीने म्हणा, मागच्या बाकांनी गीत उचललं, आणि बघता बघता काळोखात शंभर दीडशे तोंडं उघडमीट करत उजळू लागली. मुलं तर आनंदाने वेडी झाली. जिभा बाहेर काढून एकमेकांना दाखवत चर्चभर पळू लागली. मी पंप हातात धरून उभी होते. आणि खरं सांगते, इतकं सुंदर काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

झालं होतं ते उघड होतं. आज्जीच्या दह्याचा चिकट गुण. मठ्ठा पिऊन झाला तरी जंतू जिभेवर मांड ठोकून बसले होते आणि गाणाऱ्याचा प्रत्येक श्वास त्यांना प्राणवायू पुरवत होता. ज्याने आमच्या दह्याचं काही खाल्लं होतं, तो उजळत होता. उरलेले अंधारात होते. प्रभुभोजनापर्यंत कडक उपास धरलाय असं बायकोला सांगणारे शमुवेलमामा समईसारखे उजळले होते, आणि बायको त्यांच्याकडे त्याच उजेडात बघत होती.

पण सगळ्यांत लख्ख तोंड पहिल्या बाकावर होतं. मठ्ठ्याला न शिवलेली एस्तेर आत्या, वरच्या पट्टीत, डोळे मिटून गात होती.

पप्पा व्यासपीठावरून खाली उतरले आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. गाणं हळूहळू थांबलं. तोंडं मिटली तसा काळोख परत आला आणि त्या काळोखात पप्पांचे शब्द तेवढे निळे निळे दिसले. "एस्तेर, तुझ्या तोंडात माझ्या घरचं दही आहे."

"दही आईचं आहे," आत्याचं तोंड उजळलं. "घर तुझं असेल."

कुणीतरी दिवे लावले. मग सगळं बाहेर आलं. साखरपुड्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा आत्याचं विरजण नासलं होतं आणि मम्मीने मागच्या भिंतीवरून वाटी दिली होती. पुढे कधी आमचं नासलं, तर आत्याने दिली. तेव्हापासून हे असंच चाललं होतं, आज सकाळीसुद्धा. आत्याचं म्हणणं, तिने शब्द मोडलेला नाही. ते दही शांतवनचं कधी नव्हतंच. आणि इतकी वर्षं शांतवन जे मिटक्या मारत खातोय, त्यात निम्म्या वेळा तिच्या हातचं विरजण होतं, ते त्याने आधी बघावं. पप्पांनी मम्मीकडे बघितलं. मम्मी पदराने चष्मा पुसत होती, आणि तो चष्मा काही केल्या स्वच्छ होईना.

पप्पा घरी निघून गेले. सगळ्यांच्या देखत आपण हसं झालो, हे त्यांना लागलं होतं. माझ्या चमत्काराने दोघांना जवळ आणायचं सोडून भिंतीवर आणखी एक वीट चढवली होती.

मी सगळ्यांपुढे उभी राहिले आणि काय घडलं ते सांगितलं. हे जंतू अपाय करत नाहीत, उजेड फार दिवस टिकतही नाही. जंतूला दिवा लावणं खर्चाचं काम असतं. न लावणारे भाऊबंद त्या शक्तीवर पोरं वाढवतात आणि दुधामागून दूध बदललं की उजेडवाले मागे पडून संपून जातात. लोकांना त्याची काही पडली नव्हती. मुलांना आणखी मठ्ठा हवा होता. पण कर्णिक मॅडमना, माझ्या वरिष्ठांना, मी फोन केला तेव्हा त्यांनी आधी किती घरांत गेलं ते विचारलं. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की परवानगीशिवाय बाहेर गेलेला प्रत्येक थेंब उकळून नष्ट करायचा, एकही घर सोडायचं नाही. माझ्या नोकरीचं काय ते नंतर बघू. त्यांचंही बरोबर होतं. मी बाटली न विचारता आणली होती.

नाताळच्या सकाळी चर्चमधली भक्ती झाल्यावर मी मोठं पातेलं आणि गॅसची शेगडी हातगाडीवर घालून घरोघर फिरले. प्रत्येक दारात मला मेरी ख्रिसमस, करंजी आणि दह्याचं भांडं मिळत गेलं. दही उकळून नासवायचं, भांडं धुऊन परत द्यायचं. रिकामं. प्रत्येक वेळी मला मम्मीची नजर पाठीत जाणवत होती. शेवटी आमचीच वाटी राहिली. ती ओतताना मम्मी रडली. आज्जीचं विरजण कंपाउंडमध्ये कुठेच उरलं नव्हतं, आणि कंपनीच्या शीतपेटीत होतं ते आता मला कोण हातात देणार?

दुपारी जॉएल सहज बोलून गेला. आत्याने ॲडलेडला न्यायला एक फडकं तयार केलंय. मी ती बाटली घेऊन यायच्या कितीतरी आधी, नोव्हेंबरच्या उन्हात, सुती फडकं दह्यात बुडवून कडक वाळवलं आणि पेटीत ठेवलं. कोमट दुधात टाकलं की तेच दही पुन्हा लागणार. म्हणजे आज्जीचं विरजण जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, भिंतीपलीकडे.

मी उठलेच. मम्मीने मला हाताला धरून खाली बसवलं आणि जेवून ताट पुढे सारणाऱ्या पप्पांकडे वळली. "इतकी वर्षं मी मागच्या भिंतीवरून आणलं. आता माझे गुडघे राहिले नाहीत. तुम्हाला दही पाहिजे असेल तर पुढच्या दाराने जाऊन मागा."

पप्पा बागेला पाणी घालायला गेले.

तीन वाजले, चार वाजले. मम्मी दर थोड्या वेळाने आठवण करून देत होती, की जायचं तर उजेडी जा, दिवेलागणीनंतर ती देणार नाही, तुमच्याच आईची लेक आहे. पप्पा जास्वंदीला पाणी घालत होते, मग पेरूला, मग ज्याला कुणीच कधी पाणी घालत नाही त्या निवडुंगाला. पाच वाजले. ऊन भिंतीवरून उतरलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याची गाडी यायची होती.

कंपाउंडमधल्या कागदी चांदण्यांतले दिवे एकेक करून लागले. आता झालं, असं म्हणून मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात पप्पा आत आले, पाय धुतले, इस्त्रीचा सदरा घातला, ओट्यावरची आज्जीची रिकामी वाटी उचलली आणि पुढच्या दाराने बाहेर पडले. मी मागोमाग धावले. मम्मीचे गुडघे राहिले नव्हते, पण ती माझ्या आधी पोचली.

आत्याच्या दारात ते थांबले. पाय उंबऱ्याच्या अलीकडे, वाटी पलीकडे. आत्या खुर्चीतून उठली. तिने वाटी बघितली, मग बाहेरच्या चांदण्या बघितल्या.

"शांतवन, दिवे लागले. या वेळी विरजण देत नाहीत."

"माहीत आहे."

"मग आत्ता कशाला आलास?"

पप्पांनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. "सकाळपर्यंत बसायला."

 आत्याने त्यांच्या हातातली वाटी घेतली, पदराने पुसली आणि टेबलावर ठेवली. मग पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे बराच वेळ भांडी वाजत राहिली. जॉएल उगाचच खुर्च्या सरकवत होता. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवावेसेही वाटले नाहीत.

ती ताट घेऊन आली. भात, भाकरी, वाटीत मटणाचा रस्सा. पप्पांसमोर ठेवलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. साखरपुड्याचा हिशोब चुकता करायला पप्पांना यापेक्षा चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्यांनी भाकरी मोडली, रश्शात बुडवली, घास तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश चावला.

"एस्तेर," ते म्हणाले, "याला रस्सा म्हणतात."

आत्याने मम्मीकडे बघितलं. मम्मीने छताकडे बघितलं.

"तुझाच आहे," आत्या म्हणाली. "दुपारी भिंतीवरून आला."

पप्पांचा हात ताटातच थांबला. "मग तूही चाखून बघ."

"दोनदा घेतला," आत्या म्हणाली, आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.